बाकमामांची सात स्टुलं

शाळेत शिपाई म्हणून लागलेल्या माणसाचं स्वतःचं नाव वर्ष-दोन वर्षांत हरवतं आणि तो नुसता मामा होऊन बसतो. या मामांचं नाव मात्र पहिल्याच सहामाही परीक्षेत हरवलं, आणि बदल्यात जे मिळालं ते पगारपत्रक सोडून सगळीकडे चाललं. लहानथोर सगळे त्यांना बाकमामा म्हणत.

झालं होतं असं, की त्या परीक्षेत नववीच्या एकवीस मुलांनी ‘माझी सुट्टी’ या निबंधात एकाच मावशीच्या घरी मुक्काम ठोकला होता आणि एकवीसच्या एकवीस जण एकाच सायकलवरून एकाच खड्ड्यात पडले होते. पेपर तपासणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. तेव्हाचे मुख्याध्यापक नव्या शिपायाला म्हणाले, “उद्यापासून बाकं जरा लांब लांब ठेवत जा.” दुसरा कोणी असता तर त्याने बाकं वीतभर सरकवली असती आणि चहा टाकायला निघून गेला असता. पण हा माणूस मुळातच चिकट. दोन दिवस तो वर्गाच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि पोरं कुठे बघतात ते बघत राहिला. कोणाची मान लांब, कोणाचं खोडरबर तासात चार वेळा पडतं, कोण पाणी प्यायच्या निमित्ताने उठून दुसऱ्याच्या दोन ओळी वाचून येतो, सगळं त्याने वहीत टिपलं. मग कोणी कुठे बसायचं त्याचा नकाशा काढला. तिसऱ्या दिवशी तो नकाशा दारावर लागला आणि पोरांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हापासून एकतीस वर्षं या शाळेत परीक्षेचा नकाशा म्हणजे बाकमामांचा नकाशा. काढायची पद्धत ठरलेली. फळ्याला पाठ करून उभं राहायचं, म्हणजे पर्यवेक्षक जिथून बघणार तिथून, आणि जे आपल्या डाव्या हाताला दिसतं ते कागदावर डावीकडे काढायचं. बाकांवर नंबर चिकटवायचे तेही मामांनीच. काढणाराही तोच आणि चिकटवणाराही तोच, त्यामुळे हा नकाशा बाकावर बसणाऱ्याच्या बाजूने बघितला तर उलटा आहे, हे कोणाला कळायचं कारणच पडलं नव्हतं.

आता मामांच्या मनातली गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांनी स्वतःहून कोणालाच सांगितली नसती. त्यांना कारकून व्हायचं होतं. शाळेचे जुने कारकून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि दाखले, हजेरीपटाची बेरीज, कार्यालयाला जाणारी पत्रं, सगळं दोन वर्षं मामाच लिहीत होते. पत्राची भाषा त्यांची, अक्षर त्यांचं आणि खाली सही दुसऱ्याची. शिवाय पत्र लिहून झालं की ते पाकिटात घालून पोस्टात टाकायलाही तेच. हे त्यांना डाचत होतं. कारकुनाच्या परीक्षेला ते तीनदा बसले होते आणि तीनदा गणितात आपटले होते. गणित समोर आलं की त्यांच्या डोक्याचं दुकान बंद व्हायचं, पाट्यासुद्धा आत जायच्या.

अशात शिक्षण कार्यालयातून फर्मान आलं. शाळेतल्या निवडक सात कर्मचाऱ्यांनी ‘कार्यक्षमता परीक्षा’ द्यायची, एकच पेपर सगळ्यांना, शंभर गुणांचा, पास व्हायला चाळीस. शिक्षक नापास झाले तर त्यांची पुढची मोठी सुट्टी प्रशिक्षणात जाणार. शिपाई पास झाला तर रिकाम्या जागेवर कारकून, नापास झाला तर ती जागा बाहेरच्या माणसाने भरणार. मामांच्या वयामुळे ही त्यांची शेवटची संधी, असंही खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते पत्र पहिल्यांदा उघडून वाचलं मामांनीच.

परीक्षा शाळेतच व्हायची होती, पण वर्गातल्या बाकांवर मोठी माणसं मावेनात. खेळाचे सर प्रयत्न म्हणून सहावीच्या बाकात शिरले तर त्यांना बाहेर काढायला दोघे लागले. शेवटी प्रयोगशाळा ठरली. तिथे फळ्यासमोर एक लांबलचक टेबल होतं आणि त्याच्या मागे जमिनीत पक्की रोवलेली सात गोल स्टुलं. सात माणसं, सात स्टुलं, सगळं जमून आलं. फक्त कोणी कुठे बसायचं तेवढं राहिलं.

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. मामा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, “बाई, मी स्वतःच परीक्षेला बसतोय. नकाशा दुसऱ्या कोणी काढलेला बरा.”

“तुमच्याशिवाय कोणाला जमलंय का आजवर?” मोठ्या बाई कागदातून मान वर न काढता म्हणाल्या. “आणि हे बघा, मला टोकाची जागा ठेवा. मी मधे बसलेली बरी दिसत नाही.”

ही पहिली अट. त्यानंतर आठवडाभर मामांना चहाचा कप सुखाने तोंडाला लावता आला नाही. एकतीस वर्षं ज्यांनी मुलांना वेगळं बसवण्यासाठी मामांची पाठ थोपटली, तेच आता एकेक करून जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे त्यांना गाठू लागले. चित्रकलेच्या सरांना दमा होता, त्यांना खिडकीला लागून असलेलं शेवटचं स्टूल हवं होतं. भाषेच्या बाई म्हणाल्या, “मला कुठेही बसवा मामा, पण तिच्या शेजारी नको.” तिच्या म्हणजे ग्रंथपाल बाईंच्या. दोघी नणंद-भावजय. घराच्या वाटणीत एका कपाटावरून बिनसलं, आणि तेव्हापासून त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. तासाभराने ग्रंथपाल बाई आल्या. “आमच्या वन्संना माझ्यापासून लांब ठेवा,” म्हणाल्या. “पेपर लिहितानासुद्धा त्या उसासे टाकतात.” दुसऱ्या दिवशी भाषेच्या बाई पुन्हा आल्या आणि मोठ्या बाईंच्या शेजारीही नको म्हणून सांगून गेल्या, कारण रोज उशिरा येण्यावरून मोठ्या बाई त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर तीन तास सोसवणार नव्हती.

मग खेळाचे सर आले. गडी धिप्पाड, पण त्या दिवशी अगदी कोकरू झाला होता. “मामा, माझं गणित तुम्हाला माहीत आहे. मुलांची टीम पाडताना अकरापर्यंत मोजतो, तेवढंच. मला गणिताच्या सरांच्या शेजारी बसवा. डावीकडे काय नि उजवीकडे काय, मला सारखंच.”

मामांना नाही म्हणवेना. चार वर्षांपूर्वी घंटेची दोरी बांधताना ते शिडीवरून पडले होते, तेव्हा याच खेळाच्या सरांनी त्यांना पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत पळत नेलं होतं.

राहिले गणिताचे सर. त्यांनी काहीच मागितलं नाही. “कुठेही बसवा,” म्हणाले, “माझा पेपर पाऊण तासात होईल.”

संध्याकाळी मामा घरी आले ते कपाळाला आठ्या घालूनच. मामी शिवणकाम करायच्या. मशीनशेजारी त्यांचा बटणांचा डबा असायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डब्यातून सात वेगवेगळी बटणं काढून टेबलावर ठेवली. कोटाचं मोठं काळं बटण मोठ्या बाई. पितळी बटण खेळाचे सर. फुलाफुलांचं चित्रकलेचे सर. दोन सारख्याच लाल बटणांपैकी एकाची कड तुटकी होती, त्या नणंद-भावजय. कुठलं कोण ते मामींनी सांगितलं नाही. चौकोनी बटण गणिताचे सर आणि सदऱ्याचं साधं पांढरं बटण म्हणजे मामा.

“आता मांडा,” मामी म्हणाल्या.

मामांनी परीक्षेसाठी एक गाइड आणलं होतं. त्यात क्रमचय नावाचा एक धडा होता आणि तो धडा मामा नेहमी दोन पानं एकदम उलटून टाळायचे. त्या संध्याकाळी बटणं पुढ्यात घेऊन त्यांनी तो पहिल्यांदा वाचला. पहिल्या स्टुलावर सातांपैकी कोणीही बसेल, म्हणजे सात प्रकार. तो बसला की उरले सहा, दुसऱ्या स्टुलावर त्यांतला कोणीही. मग पाच, मग चार. सात गुणिले सहा गुणिले पाच असं करत एकपर्यंत यायचं. मामांनी तीन वेळा गुणाकार केला, तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं, मग मामींनी केला तेव्हा पाच हजार चाळीस आलं.

“पाच हजार चाळीस प्रकार?” मामी म्हणाल्या. “सात बटणांचे? आणि मी तीस वर्षं सदऱ्याला एकाच प्रकारे लावतेय.”

मामा मात्र चकित होऊन बघत राहिले. एकतीस वर्षं आपण जे करत आलो त्याला गणित म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी काळं बटण भिंतीकडच्या टोकाला ठेवलं, फुलाफुलांचं खिडकीच्या टोकाला. उरलेल्या पाचांचे प्रकार झाले एकशेवीस. दोन लाल बटणं शेजारी आली की काढून टाकायची, तर बहात्तर राहिले. पितळी बटण चौकोनी बटणाशेजारी ठेवायचं होतं. इथे मामा थांबले. मग त्यांनी पांढरं बटणही चौकोनी बटणाला लावून ठेवलं.

“हे पांढरं इथे कशाला?” मामींनी विचारलं.

“कोणीतरी बसायलाच हवं ना तिथे.”

मामींनी त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा मशीन चालवायला लागल्या. बहात्तरांचे झाले चार. भाषेच्या बाईंचं बटण काळ्या बटणापासून हलवल्यावर राहिले दोन. पाच हजार चाळिसांतून शेवटी दोनच. भिंतीपासून खिडकीपर्यंत मोठ्या बाई, ग्रंथपाल बाई, मग गणिताचे सर मध्ये आणि त्यांच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला खेळाचे सर, पुढे भाषेच्या बाई, खिडकीशी चित्रकलेचे सर. प्रश्न एवढाच उरला, की मामा सरांच्या कुठल्या बाजूला?

“दोन्ही सारखेच दिसतात,” मामी म्हणाल्या. “चिठ्ठी टाका.”

पण ते सारखे नव्हते, आणि हे अख्ख्या शाळेत फक्त मामांना ठाऊक होतं. गणिताचे सर डावखुरे. डावखुरा माणूस लिहायला लागला की त्याच्या डावीकडे बसणाऱ्याला कोपर आणि खांदा दिसतो, आणि उजवीकडे बसणाऱ्याला आख्खा पेपर उघडा. एकतीस वर्षं कोण कोणाच्या वहीत बघतो हे पाहिलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. खेळाचे सर तर म्हणाले होते, डावीकडे काय नि उजवीकडे काय.

मामांनी पांढरं बटण सरांच्या उजव्या हाताला ठेवलं आणि पितळी बटण डाव्या हाताला. असं करताना त्यांना शरम वाटली. नुसती वाटली असं नाही, कान गरम झाले. कॉपी करताना पकडून त्यांनी कित्येक पोरांना वर्गाबाहेर काढायला लावलं होतं. पण शेवटची संधी, दोन वर्षं लिहिलेली ती पत्रं आणि गणिताच्या नावाने बंद होणारं ते डोकं, या सगळ्यापुढे शरम मागे पडली. त्यांनी नेहमीसारखा फळ्याच्या बाजूने नकाशा काढला, त्यावर एक ते सात नंबर घातले आणि मोठ्या बाईंकडे दिला.

परीक्षेच्या दिवशी कार्यालयातून एक पर्यवेक्षक आले. शिडशिडीत, खिशाला तीन पेनं, आणि नियमांच्या बाबतीत सुतासारखे सरळ. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की परीक्षार्थीने आधी खोलीत पाऊल टाकायचं नाही. नंबर ते स्वतः चिकटवणार. मामांनी तोंड उघडलं, पण परीक्षार्थी तेही होतेच. पर्यवेक्षकांनी नकाशा हातात घेतला आणि दारातून आत शिरले. प्रयोगशाळेचं दार मागच्या बाजूला, स्टुलांच्या पाठीमागे. त्यांनी तिथेच उभं राहून कागदावर डावीकडे असलेला एक नंबर आपल्या डाव्या हाताच्या टोकाला चिकटवला आणि सातपर्यंत सरळ चिकटवत गेले.

घंटा झाली, सगळे आत गेले आणि पहिली ओरड चित्रकलेच्या सरांनी केली. “माझी खिडकी कुठे आहे? मी भिंतीशी कसा आलो?”

“नकाशात सात नंबर इकडे आहे,” पर्यवेक्षक म्हणाले.

मोठ्या बाई खिडकीशी ऐसपैस बसल्या होत्या. त्यांना टोक हवं होतं, टोक मिळालं होतं. नणंद-भावजय लांब होत्या. शेजार सगळे जसेच्या तसे राहिले होते, फक्त आख्खी रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलटली होती. मामा आपल्या नंबरापाशी गेले, बसले आणि उजवीकडे बघितलं. उजवीकडे गणिताचे सर. सरांनी पेपर तिरका केला, पेन डाव्या हातात धरलं आणि मामांच्या डोळ्यांसमोर एक भलंमोठं कोपर येऊन थांबलं. पलीकडे खेळाचे सर बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा गणिताबद्दल प्रेम दिसत होतं.

“माझी जागा बदलून मिळेल का?” मामांनी बारीक आवाजात विचारलं.

“कारण?” पर्यवेक्षकांनी विचारलं.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. मामा पेपरकडे वळले.

कार्यालयीन नियमांचे प्रश्न त्यांनी झरझर सोडवले, ते त्यांच्या हातचं काम होतं. सामान्य ज्ञान बरं गेलं. गणित आलं आणि दुकान बंद व्हायला लागलं. सरळव्याज सोडलं, नळ आणि टाकी सोडली, आगगाडी पुलावरून गेली तिला जाऊ दिलं. शेवटचा प्रश्न पाच गुणांचा होता. ‘एका रांगेतील सात आसनांवर सात व्यक्तींना बसवायचे आहे. त्यांपैकी दोन विशिष्ट व्यक्ती एकमेकींशेजारी बसण्यास तयार नाहीत. तर त्यांना एकूण किती प्रकारांनी बसवता येईल? कृती दाखवा.’

मामांनी प्रश्न दोनदा वाचला आणि रांगेत दोन टोकांकडच्या नणंद-भावजयींकडे बघितलं. भाषेच्या बाईंनी नेमका तेव्हाच उसासा टाकला.

एकूण पाच हजार चाळीस, ते पाठ होतं. त्यांतून नको असलेले काढायचे, म्हणजे जिथे दोन लाल बटणं शेजारी येतात ते. दोन्ही बटणं एका दोऱ्यात ओवली तर सातांची सहा झाली, आणि सहांचे प्रकार सातशेवीस. पाच हजार चाळिसांतून सातशेवीस वजा करायचे. मामांनी वजाबाकीची रेघही ओढली. आणि पेन थांबलं. शेजारी बसणं म्हणजे काय एकच प्रकार असतो? डावीकडे बसणं वेगळं आणि उजवीकडे बसणं वेगळं. शेजार तोच, माणसं तीच, पण एका बाजूला आख्खा पेपर दिसतो आणि दुसऱ्या बाजूला कोपर. हे त्या घटकेला मामांपेक्षा जास्त कोणाला कळत असेल असं वाटत नाही. दोऱ्यातली बटणंही दोन प्रकारांनी ओवता येतात. म्हणजे सातशेवीस दोनदा काढायला हवेत. चौदाशे चाळीस. मामांनी वजाबाकी केली, बोटांवर पुन्हा ताळा बघितला आणि लिहिलं, तीन हजार सहाशे.

सव्वा महिन्याने निकाल आला. मामांना त्रेचाळीस गुण मिळाले होते. शेवटच्या प्रश्नाचे पाच काढले असते तर अडतीस. त्यांनी निकालाचा कागद मामींना दाखवला, मामींनी तो मशीनच्या उजेडात धरून वाचला आणि घडी घालून बटणांच्या डब्यात ठेवला.

त्याच टपालात आणखी दोन पत्रं होती. एक गणिताच्या सरांना. शेवटच्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर चुकलं होतं. पाऊण तासात पेपर संपवायच्या नादात त्यांनी सातशेवीस एकदाच वजा केले होते आणि चार हजार तीनशेवीस लिहून मोकळे झाले होते. ते चूक असण्याबद्दल कार्यालयाचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं असं होतं, की खेळाच्या सरांनीही चार हजार तीनशेवीसच लिहिलं होतं, तेही त्याच तीन ओळींत, त्याच शब्दांत. गणिताच्या सरांनी आधी एक आकडा चुकवून खोडला होता, तर खेळाच्या सरांनीही तोच आकडा चुकवून तसाच खोडला होता. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात, त्यावर कोणी संशय घेत नाही. चूक मात्र दोघांची इतकी सारखी येत नाही. गणिताच्या सरांनी खुलासा द्यायचा होता. त्यांनी तो एका ओळीत दिला, ‘मी डावखुरा आहे’, आणि पुढे आठवडाभर अकरावीला तो धडा शिकवला नाही.

दुसऱ्या पत्रात खेळाच्या सरांचा पेपर रद्द झाल्याचं होतं. मोठी सुट्टी प्रशिक्षणात, सेवापुस्तकात कॉपीची नोंद, आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा. कार्यालयाचा आदेश शाळेने लेखी कळवायचा होता. नवे कारकून म्हणून बाकमामांनी लिहिलेलं आणि स्वतःच्या सहीने काढलेलं ते पहिलं पत्र. ‘आपण नजीकच्या आसनावरील परीक्षार्थीची उत्तरे नक्कल केल्याचे निदर्शनास आले आहे’ या ओळीपाशी त्यांचा हात थांबला. नजीकचं आसन कोणाचं ठरलं होतं ते त्यांना माहीत होतं. आपण तिथे बसलो असतो तर आपणही तो खोडलेला आकडासुद्धा उतरवला असता, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. हे पत्र मग आपल्या नावाने निघालं असतं. कारकून राहो, एकतीस वर्षांचं नावही गेलं असतं.

पत्र द्यायला नवा शिपाई होता, पण मामा स्वतःच मैदानावर गेले. खेळाचे सर चुन्याच्या रेघा मारत होते. त्यांनी पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

“माझं नशीबच फुटकं, मामा,” ते म्हणाले.

“नशीब नाही सर. ती जागा मी माझ्यासाठी काढली होती.” आणि मामांनी सगळं सांगितलं. डावा हात, कोपर, उघडा पेपर, फळ्याच्या बाजूने काढलेला नकाशा, मागच्या दाराने आलेले पर्यवेक्षक आणि आपलं तीन हजार सहाशे हे उत्तर.

खेळाचे सर म्हणाले, “म्हणजे मला तुम्ही कोपर बघायला बसवणार होतात.”

“हो.”

“मी तुम्हाला पाठीवर घेऊन पळालो होतो.”

“नकाशा काढताना तेच आठवत होतं, सर. तरी काढला.”

खेळाच्या सरांनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. मामांना वाटलं आता हा माणूस मोठ्या बाईंकडे जाणार, आणि गेला असता तर मामांनी अडवलं नसतं. पण सरांनी हात झटकले आणि विचारलं, “ते तीन हजार सहाशे कसे येतात ते तरी सांगा.”

मामांनी त्यांना चुन्याच्या रेघेवर उभं केलं आणि स्वतः त्यांच्या डावीकडे उभे राहिले. “आपण दोघं शेजारी आहोत. हा एक प्रकार. आता जागा बदला.” कवायतीची सवय असलेले सर दोन पावलांत पलीकडे गेले. “हा दुसरा. शेजारी तेच, प्रकार मात्र दोन. गणिताच्या सरांनी एकच मोजला.”

“एवढंच?” सर म्हणाले.

“एवढंच.”

सरांनी आपण आधी उभे होतो त्या जागेकडे पाहिलं, मग आता उभे होतो तिथे. “पुढच्या वर्षी नकाशा कोण काढणार?”

“मोठ्या बाई मलाच सांगतील. पण मी नाही म्हणणार आहे, सर. माझ्या नकाशाचा आता भरवसा नाही.”

“तुम्हीच काढा,” खेळाचे सर म्हणाले. “मला सगळ्यांत लांब बसवा, एकट्याला. आणि उद्यापासून शाळा सुटली की तो धडा मला शिकवा.”

मामांनी मान डोलावली. ते तसेच रेघेवर उभे राहिले, आणि चुन्याने पायातली चप्पल पांढरी झाली तरी त्यांना कळलं नाही.